निळं कुठं गेलं

मला आधी वाटलं, कॅमेऱ्याचीच चूक.
मंगळवार पेठेत पासपोर्टचे फोटो काढण्यात
एकवीस वर्षं गेली माझी,
पिवळेपणा दिसला की बोट आपोआप
निळ्याची पट्टी पुढं सरकवतं.
सरकवली.
मागची भिंत गारठली, साडी आजारी दिसायला लागली,
मालनचे तळवे मात्र पिवळेच.

गुजरीतल्या शेटला जाहिरात करायची होती:
साज ओवणारे हात.
हात माझ्या बायकोचे.

सावळ्या अंगावर काही कळत नव्हतं,
चेहरा तोच, गळा तोच.
फक्त हातापायांचे तळवे,
आणि निरखून पाहिलं तर नाकाच्या कडेची घडी
हळदीच्या डब्यात पडून वर आल्यासारखी.

शेजारच्या आक्कांनी निदान करून टाकलं: कावीळ.
कागलकडं एक जण माळ घालतो म्हणे,
माळ वाढत जाते, कावीळ उतरत जाते.
"माळा मी दिवसभर ओवतीया," मालन म्हणाली,
"आणि एक गळ्यात कशाला?"

डॉक्टर शिरगुप्प्यांनी तिची खालची पापणी ओढली.
आतलं पांढरं
नव्या कपबशीसारखं पांढरं.
मग त्यांनी विचारलं, "बाई, खाता काय?"

गाजरं.
मण्याचं भोक बारीक, दोरा त्याहून बारीक,
नजर गेली तर शेट दुसरी बघंल.
कपिलतीर्थ मंडईत रुबीना बागवान
दिवे लागल्यावर उरलेला ढीग वीस रुपयाला देते.
किसून, मीठ लावून, नुसतीच, ओवता ओवता,
दिवाळीपासून.

"कातडीला गाजर चढलंय, दुसरं काही नाही.
रंग रक्तातून येतो, वरच्या मेलेल्या थरात मुरतो.
थर जाड तिथं जास्त."
मी तिच्या तर्जनीकडं पाहिलं.
दोऱ्यानं घासून घासून तिथं घट्टा पडलाय.
सगळ्यात गडद तो.

"उजेडातलं निळं गिळतो हा रंग,
उरलेलं परत पाठवतो,"
एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

निळं गिळतो.
दुकानात आलो, फोटो उघडला,
रंग उलटे करायची कळ दाबली.
साज निळा झाला, होणारच.
तळवेही निळे झाले,
रंकाळ्याच्या काठचे दिवे लागायच्या आधी
पाच मिनिटं पाणी असतं, तसे.
मी बराच वेळ परत कळ दाबली नाही.

किरणोत्सवाला गेलो दोघं.
महाद्वारातून ऊन आत शिरलं,
अंबाबाईच्या पायांवरून वर चढायला लागलं.
मावळतीचं ऊन,
लांबून येताना वाटेतच निळं सांडून आलेलं.
कडेला जोडलेले सगळे हात पिवळे,
फुलवालीचे, कुणा वकिलाचे, माझे.
मालननं शेजारचा हात पाहिला, मग आपला.
काही बोलली नाही.
बाहेर चपला शोधताना
पेढेवाल्याची पांढरी ट्यूब भक्कन लागली
आणि तिचे हात परत तिचे झाले.

शेट हसून म्हणाला,
"मालनबाई, माझ्या सोन्याचा कस
तुमच्या हाताला लागतोय काय?"
तीपण हसली.
तेव्हापासून मणी परत देताना
दोनदा वजन करून देते.

फोटोतले हात गोरे करून मागितले त्यानं.
करून दिले. बिल घेतलं.

गाजरं बंद आहेत.
रंग झिजत झिजत जाईल, उन्हाळा लागेल कदाचित.
परवा चष्म्याचा नंबर काढला, दीड निघाला.
नवी काच पदरानं पुसत म्हणाली,
"एवढी गाजरं गेली तरी कुठं मग?"

मी कॉम्प्युटरकडं पाहिलं,
आणि गप्प बसलो.